लघुग्रहाचे यान: न पाहिलेल्या जमिनीसाठी रचना कशी करतात? (हायाबुसा-२ आणि ओसायरिस-रेक्स)

कक्षाधर

चंद्रावर किंवा मंगळावर उतरायचे असेल तर आधीच्या यानांनी काढलेले नकाशे हाताशी असतात. लघुग्रहाचे तसे नाही. यानाचा आराखडा पक्का होतो तेव्हा तो लघुग्रह दुर्बिणीत एक ठिपका असतो. प्रकाशाच्या चढउतारावरून भ्रमणकाळ कळतो, अवरक्त मोजमापांवरून व्यास, आणि बेन्नूसारखा पृथ्वीजवळून गेलेला असला तर रडारवरून ढोबळ आकार. पायाखाली वाळू लागणार की दगड, हा मात्र अंदाजच राहतो.

बेन्नूचा तो अंदाज चुकला. त्याचा पृष्ठभाग उन्हात पटकन तापतो आणि सावलीत पटकन निवतो. त्यावरून सेंटिमीटर आकाराच्या खड्यांची मैदाने असतील असे मानले गेले. डिसेंबर २०१८ मध्ये नासाचे ओसायरिस-रेक्स तिथे पोचले तेव्हा जिकडेतिकडे मोठाले खडक. ते खडक आतून इतके सच्छिद्र निघाले की उष्णता धरून ठेवण्यात बारीक खड्यांसारखेच वागत होते. त्याच वर्षी जून महिन्यात जपानचे हायाबुसा-२ दुसऱ्या एका लघुग्रहाजवळ, र्‍युगूजवळ पोचले. १०० मीटर रुंद सपाट जागा गृहीत धरून त्याची उतरण्याची पद्धत आखली होती, आणि तशी जागा र्‍युगूवर कुठेही नव्हती.

तरीही दोन्ही याने नमुने घेऊन परतली. माझे मत असे की याचे श्रेय अचूक अंदाजाला नाही, रचनेत ठेवलेल्या मोकळीकीला आहे. वजन आणि पैसा कमी पडतो तेव्हा पहिला हक्क दिशादर्शनाचा आणि राखीव सुट्या भागांचा. 'अपेक्षित' जमिनीला बेतलेल्या यंत्रणेचा क्रमांक नंतर. यावर जाणकारांनी लिहावे. प्रणोदन (यान ढकलणारी इंजिने), उतरण, नमुना, आणि नमुना पृथ्वीवर उतरवणारी कुपी असे एकेक घेऊ.

सुरुवातीला एक आकडा मनात पक्का करून ठेवा. र्‍युगूची रुंदी साधारण ९०० मीटर आणि पृष्ठभागावरचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे ८०,००० व्या हिश्शाइतके. १ मीटर उंचीवरून सोडलेला खडा खाली पोचायला जवळजवळ २ मिनिटे घेतो. मुक्तिवेग, म्हणजे कायमचे निसटून जायला लागणारा वेग, सेकंदाला ४० सेंटिमीटरपेक्षाही कमी.

नटबोल्ट

मग चांद्रयान-३ च्या विक्रमसारखे चार पाय देऊन सरळ उतरवत का नाहीत? एकदा टेकले की निवांत काम करता येईल.

कक्षाधर

नटबोल्ट, याचे उत्तर त्या मुक्तिवेगातच आहे. सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने टेकले तरी उसळी मारून यान बराच वेळ अधांतरी जाणार, आणि त्या वेळात कुठल्या कुशीवर वळेल याचा भरवसा नाही. नांगरून ठेवायला जमीन घट्ट हवी, ती घट्ट आहे की नाही हे माहीत नाही. शिवाय दोन्ही बाजूंना पसरलेल्या सौरपट्ट्या. हायाबुसा-२ ची टोकापासून टोकापर्यंतची रुंदी ६ मीटर होती. किंचित कलले तरी पट्टीचे टोक खडकावर आपटायचे. म्हणून 'टेका आणि निघा'. जमिनीशी संपर्क काही सेकंदांचाच.

पृष्ठभागावर जास्त वेळ राहायचे काम लहान उपकरणांना दिले होते. मिनर्व्हा-२ चे दोन रोव्हर प्रत्येकी सव्वा किलोच्याही आतले, व्यास १८ सेंटिमीटर. त्यांना चाके नाहीत, कारण इतक्या कमी गुरुत्वात चाकाला पकडच मिळत नाही. आतली मोटर फिरली की प्रतिक्रियेने सगळा डबाच उडी मारतो. जर्मन-फ्रेंच मॅस्कॉट १० किलोच्या आसपासचा होता. त्याला सौरपट्टी नव्हती, फक्त बॅटरी. ती साधारण १७ तास पुरली आणि ठरलेली मोजमापे तेवढ्यात झाली.

झेनॉन

प्रणोदनाचा हिशोब मांडतो, कारण यानाचा आकार तिथेच ठरतो.

ओसायरिस-रेक्सने रासायनिक मार्ग घेतला. रिकामे वजन ८८० किलो, उड्डाणाच्या वेळी २,११० किलो. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन हायड्रॅझिन या इंधनाचे. त्याचा विशिष्ट आवेग (ठरावीक इंधनातून किती ढकल मिळते याचे माप) साधारण २३० सेकंद धरला तर एकूण वेगबदल मिळतो सेकंदाला २ किलोमीटरच्या आसपास. हायाबुसा-२ चे सगळे मिळून वजन सुमारे ६०० किलो आणि त्यात झेनॉन वायू फक्त ६६ किलो. पण विद्युतभारित झेनॉन वेगाने फेकणाऱ्या आयन इंजिनाचा विशिष्ट आवेग ३,००० सेकंदांच्या घरात, त्यामुळे एवढ्याशा झेनॉनमध्ये ३ किलोमीटर प्रति सेकंदाच्या वर जाता येते. जाताना सुमारे २४ किलो झेनॉन खर्चून सेकंदाला १ किलोमीटरचा बदल केला.

याची किंमत वेळेत आणि विजेत मोजावी लागते. एका इंजिनाचा जोर १० मिलिन्यूटन. चार इंजिने बसवली होती, एकावेळी जास्तीत जास्त तीन चालायची. ३० मिलिन्यूटनने ६०० किलोचे यान दिवसाला सेकंदाला ४ मीटर एवढाच वेग वाढवते, त्यामुळे महिनोन्‌महिने इंजिने चालू ठेवावी लागतात. तीन इंजिनांना मिळून १.२ किलोवॉटच्या आसपास वीज लागते. सौरपट्ट्या पृथ्वीच्या अंतरावर २.६ किलोवॉट देतात, पण सूर्यापासून १.४ खगोलीय एककांवर (पृथ्वी-सूर्य अंतराच्या १.४ पट) फक्त १.४ किलोवॉट. हीटर, रेडिओ, संगणक यांचे वजा करा, तिसरे इंजिन बंद ठेवावे लागते. म्हणून आयन इंजिनाच्या मोहिमेत प्रवासमार्ग आणि विजेचे अंदाजपत्रक एकाच टेबलावर करावे लागते. ही दोन कामे वेगवेगळ्या गटांनी करून शेवटी जोडायची म्हटली तर जुळत नाहीत.

इंजिनाच्या आत झिजते काय, हेही बघायला हवे. नेहमीच्या आयन इंजिनात प्लाझ्मा पेटवणारा कॅथोड झिजतो. जपानी अभियंत्यांनी तो काढूनच टाकला आणि झेनॉनचे आयनीकरण मायक्रोवेव्हने केले; आयन बाहेर फेकणाऱ्या जाळ्या कार्बन-कार्बन संमिश्राच्या. पहिल्या हायाबुसामध्ये (हायाबुसा-२ च्या आधीचे यान) तरीही न्यूट्रलायझर थकले. धन आयन बाहेर फेकल्यावर यानावर साचणारा ऋणभार इलेक्ट्रॉन सोडून काढून टाकणे हे त्यांचे काम. २००९ मध्ये एका इंजिनाचा आयन-स्रोत आणि दुसऱ्याचा न्यूट्रलायझर जोडून ते यान घरी आणले. हे शक्य झाले कारण दोघांना जोडणारा डायोड मंडलात आधीच बसवून ठेवला होता. कक्षाधर म्हणतात ती मोकळीक म्हणजे हीच, काही ग्रॅम वजनाची.

पाटीपेन्सिल

एक प्रश्न. हायाबुसा-२ र्‍युगूभोवती फिरतच नव्हते, २० किलोमीटरवर एका जागी थांबून होते असे वाचले. इंधन न जाळता प्रदक्षिणा घालणे स्वस्त पडले नसते का? सूर्यप्रकाशाचा दाब वगैरे तर नगण्यच असणार.

झेनॉन

नगण्य नाही, गणित करून बघू. र्‍युगूपासून २० किलोमीटरवर त्याचे खेचणे सेकंदवर्गाला ७.५ × १०⁻⁸ मीटर. आता प्रकाशदाब. १.२ खगोलीय एककांवर प्रत्येक चौरस मीटरवर ३ मायक्रोन्यूटनच्या आसपास. १२ चौरस मीटर सौरपट्ट्या धरल्या आणि थोडे परावर्तन मिळवले तर ६०० किलोच्या यानाला जवळपास तेवढेच त्वरण मिळते. गुरुत्व आणि ऊन बरोबरीला आले की तिथे स्थिर कक्षा हा प्रकार उरत नाही.

जवळ गेले तर कक्षा जमते, पण वाटेल ती नाही. ओसायरिस-रेक्सने बेन्नूच्या केंद्रापासून पावणेदोन किलोमीटरवर कक्षा धरली, ती दिवस-रात्रीच्या सीमारेषेवरून जाणारी. सूर्याचा ढकल कक्षेच्या पातळीला काटकोनात पडतो, त्यामुळे ती टिकते. वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर, एका फेरीला सुमारे ६२ तास. पण त्या कक्षेतून खाली सतत तिरपे ऊन दिसते. हायाबुसा-२ च्या मुख्य अँटेना आणि सौरपट्ट्या शरीराला घट्ट बसवलेल्या, स्वतंत्र फिरणाऱ्या नाहीत. पृथ्वी आणि सूर्य दोन्ही साधारण एकाच बाजूला ठेवून लघुग्रहाच्या उजेडातल्या अंगावर थांबणे यानाला सोयीचे. लघुग्रह खाली ७.६ तासांत स्वतःच फिरून सगळ्या बाजू दाखवतो. फिरते सांधे कमी म्हणजे अडकणाऱ्या गोष्टी कमी.

पाटीपेन्सिल

स्पष्ट झाले, धन्यवाद. अँटेना घट्ट बसवल्याचा संबंध थेट कक्षेच्या निवडीशी असेल असे वाटले नव्हते.

दिशादर्शक

आता उतरण. संदेश एका बाजूने पोचायला पहिल्या स्पर्शाच्या वेळी १९ मिनिटे लागत होती. जॉयस्टिकने यान उतरवणे शक्य नाही, आणि शेवटच्या टप्प्यात मधूनच आज्ञा पाठवणे धोक्याचे. पहिल्या हायाबुसाच्या वेळी नोव्हेंबर २००५ मध्ये मिनर्व्हा हा रोव्हर सोडायची आज्ञा पोचली तोपर्यंत यान आपले आपण वर निघाले होते. रोव्हर इतोकावा लघुग्रहावर न पडता अवकाशात गेला.

हायाबुसा-२ मध्ये काम दोन हिश्शांत वाटले. वरच्या उंचीवर यान फोटो पाठवते, जमिनीवरची माणसे त्यातल्या खडक-खुणा त्रिमित प्रतिकृतीशी जुळवून यानाचे स्थान काढतात आणि दुरुस्ती धाडतात. तिथे १९ मिनिटांचा उशीर परवडतो, कारण वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो: आधी सेकंदाला ४० सेंटिमीटर, ५ किलोमीटरच्या खाली १० सेंटिमीटर. ४५ मीटरच्या आसपास सूत्रे यानाकडे. लांब पल्ल्याचा लायडार (लेसरने अंतर मोजणारे उपकरण) सोडून चार किरणांचा जवळचा लेसर अंतरमापक चालू होतो. चारही किरणांच्या अंतरातला फरक जमिनीचा उतार सांगतो.

आडव्या दिशेचा आधार म्हणजे खूणचेंडू. १० सेंटिमीटरचा परावर्तक चेंडू, आत सुटे मणी भरलेले. मणी एकमेकांवर घासून ऊर्जा खातात, त्यामुळे टणटणीत उसळी न मारता चेंडू पडल्या जागी थांबतो. या गुरुत्वात साधा चेंडू कुठल्या कुठे गेला असता. यान फ्लॅश मारते आणि फ्लॅशसह व फ्लॅशविना घेतलेल्या चित्रांची वजाबाकी करते. उरतो फक्त चेंडू.

मूळ आखणीत चेंडू उतरतानाच टाकायचा आणि त्यावर खिळून खाली जायचे असे होते, अचूकता ५० मीटर. र्‍युगू बघितल्यावर ऑक्टोबर २०१८ चा स्पर्श पुढे ढकलला. त्या महिन्यात फक्त चेंडू टाकून यान वर आले. तो ठरवलेल्या बिंदूपासून १५ मीटरवर पडला, पण त्याचे स्थान आता नक्की माहीत होते. मग फेब्रुवारीत चेंडूपासून मोजून बाजूला सरकायचे ठरले, जागा जेमतेम ६ मीटर रुंद. २२ फेब्रुवारी २०१९ च्या स्पर्शाआधी, आदल्या दिवशी, तयारीतल्या तपासणीत अडचण दिसल्याने उतरण सुरू व्हायला सुमारे ५ तास उशीर झाला. तो भरून काढायला वरच्या टप्प्यात सेकंदाला ९० सेंटिमीटर वेग दिला. साडेआठ मीटरवर थांबून यानाने अंग उताराला समांतर केले आणि मग खाली गेले. चूक १ मीटरच्या आत. त्याच हार्डवेअरवर, फक्त आज्ञावली आणि सराव बदलून, ५० वरून १ वर आणले.

ओसायरिस-रेक्सलाही असेच वळण घ्यावे लागले. लायडारवर आधारित मूळ पद्धत २५ मीटर त्रिज्येच्या जागेसाठी होती, आणि नाइटिंगेल या निवडलेल्या जागेत वापरण्याजोगा भाग जेमतेम १६ मीटर रुंद निघाला. पर्याय म्हणून घेतलेली खुणा ओळखण्याची पद्धत मुख्य केली गेली. यानाने कॅमेऱ्यातले दृश्य साठवलेल्या नकाशाशी स्वतः ताडून पाहायचे, आणि ५ मीटर उंचीवर अंदाजित स्पर्शबिंदू नकाशावर धोक्याच्या रंगाने दाखवलेल्या भागात पडत असेल तर आपणहून माघार घ्यायची. २० ऑक्टोबर २०२० ला माघारीची वेळ आली नाही, तेही १ मीटरच्या आत टेकले.

सॅम्पलर

कक्षाधर यांच्या मूळ मुद्द्याशी माझा अर्धा मतभेद आहे. दिशादर्शन यानाला जागेवर आणते, पण पदरात काय पडते ते नमुना घेणारे यंत्र ठरवते. दोन्ही यंत्रे 'जमीन माहीत नाही' हेच गृहीत धरून बनवली होती. म्हणजे मोकळीक तिथेही हवीच.

हायाबुसा-२ चे शिंग म्हणजे १ मीटर लांबीची नळी. टोक टेकले की ५ ग्रॅमची टॅंटलम धातूची गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने सुटते. जमीन खडक असेल तर कपचे उडतात, भुकटी असेल तर धुरळा. दोन्ही शिंगातून वर चढून कप्प्यात जातात, कारण परत खाली ओढायला गुरुत्वच नाही. पहिल्या हायाबुसात गोळी सुटलीच नव्हती, म्हणून इथे टोकाची कड आत दुमडून दात केले. गोळी चुकली तरी दातांवर खडे अडकावेत आणि वर जाताना यान अचानक मंदावले की ते आत तरंगत जावेत. लेसर अंतरमापकाचा एक किरण शिंगावर रोखून ठेवला होता, शिंग वाकले की स्पर्श झाला. गोळी खरोखर उडाली का, हे उडवणाऱ्या भागाच्या वाढलेल्या तापमानावरून समजले. मर्यादाही शिंगाचीच: अर्ध्या मीटरपेक्षा उंच खडक असेल तर नळी टेकण्याआधी यानाचे अंग टेकणार. ६ मीटरची जागा शोधावी लागली ती त्यापायीच.

ओसायरिस-रेक्सकडे ३.३५ मीटरचा हात आणि टोकाला ३० सेंटिमीटर व्यासाची चकती. नायट्रोजनचा झोत जमीन उधळतो, खडे चकतीच्या जाळीत अडकतात. नायट्रोजनच्या बाटल्या तीन, म्हणजे तीन संधी. पहिलीच पुरली, जरा जास्तच पुरली. जमिनीने जवळपास विरोधच केला नाही. सेकंदाला १० सेंटिमीटरने टेकलेली चकती सुमारे अर्धा मीटर आत गेली. परतीचे थ्रस्टर चालले नसते तर यान आणखी खाली गेले असते. मोठ्या खड्यांनी मायलरची (पातळ प्लॅस्टिकची) झडप उघडी धरली आणि कण बाहेर सांडू लागले. तेव्हा हात पसरून यान फिरवून वजन मोजायचा बेत होता. तो रद्द करून चकती लगेच कुपीत बंद केली. हा निर्णय फार मोलाचा, कारण आकडा मिळवण्यापायी माल गेला असता. उद्दिष्ट ६० ग्रॅम होते, मिळाले १२१.६ ग्रॅम.

नमुन्याच्या शुद्धतेचाही यानाच्या बांधणीवर परिणाम होतो. ओसायरिस-रेक्सच्या चकतीवर अमिनो आम्लांची मर्यादा चौरस सेंटिमीटरला १८० नॅनोग्रॅम. नायलॉनच्या विघटनातून अमिनो आम्लासारखा पदार्थ निघतो, म्हणून बांधणीत नायलॉन टाळले. हायड्रॅझिन अतिशुद्ध घेतले आणि जोडणीच्या खोलीतली धूळ टिपणाऱ्या साक्षी-पट्ट्या जपून ठेवल्या, नंतर 'हे बेन्नूचे की आपले' असा वाद झाला तर ताडून पाहायला. हायाबुसा-२ मध्ये रबरी रिंगऐवजी धातूचे सील वापरले, त्यामुळे कुपी उतरली त्या ऑस्ट्रेलियातल्या वूमेरालाच कुपीतला वायूही काढून घेता आला.

कक्षाधर

सॅम्पलर, तुमचा मुद्दा मान्य. मी 'अपेक्षित जमिनीला बेतलेली यंत्रणा' म्हटले तिच्यात ही दोन्ही यंत्रे बसत नाहीत. एका जातीच्या जमिनीवर बेतलेला ड्रिल किंवा फावडे हे उदाहरण जास्त बरोबर ठरले असते.

नटबोल्ट

हायाबुसा-२ च्या आघातकाबद्दल, म्हणजे लघुग्रहावर विवर पाडणाऱ्या उपकरणाबद्दल, कुणी लिहिलेच नाही. यांत्रिकीच्या दृष्टीने मला तोच भाग सगळ्यात आवडतो.

५ एप्रिल २०१९ ला २ किलो तांब्याचा गोळा सेकंदाला २ किलोमीटर वेगाने र्‍युगूवर आदळवला. एवढा वेग द्यायला तोफ नेली असती तर वजन आणि धक्का दोन्ही यानाला झेपले नसते. म्हणून तांब्याची वाटीसारखी चकती आणि तिच्यामागे साडेचार किलोच्या वर स्फोटक. स्फोटाच्या दाबाने चकती उलटी होऊन गोळा बनतो आणि सुटतो. आघातकाची ही पेटी ५०० मीटरवर सोडायची, आत ४० मिनिटांचा गजर. तेवढ्या वेळात यानाने बाजूला आणि मग खाली सरकून लघुग्रहाच्या आड लपायचे, कारण पेटीचे तुकडे आणि उडालेले दगड दोन्ही धोक्याचे. लपल्यावर दिसणार काय? त्यासाठी वाटेत एक सुटा कॅमेरा सोडून दिला, त्याने उधळण टिपली. विवर निघाले १४ मीटरपेक्षा रुंद. वरचा थर जवळजवळ चिकटून न राहणाऱ्या वाळूसारखा वागला, म्हणून इतके मोठे.

दुसरा स्पर्श ११ जुलै २०१९ ला. त्यानंतर थांबता आले नसते, कारण र्‍युगू सूर्याजवळ जात होता आणि पृष्ठभाग यानाला सोसण्यापलीकडे तापला असता. पहिल्या स्पर्शात उडालेल्या धुळीने खालचा कॅमेरा आणि अंतरमापकाच्या काचा मंद झाल्या होत्या. दुसऱ्या वेळी चेंडू ओळखायला कमी उंचीवर जावे लागले. तरी चूक ६० सेंटिमीटर.

सर्किटदास

बिघाडांकडे वळूया, निदान दोन.

पहिला रिअ‍ॅक्शन व्हीलचा, म्हणजे स्वतः फिरून यानाचे तोंड वळवणाऱ्या चाकाचा. पहिल्या हायाबुसात तीन चाके होती, म्हणजे प्रत्येक अक्षाला एक, राखीव शून्य. २००५ मध्ये दोन बंद पडली. पुढे थ्रस्टरचे इंधनही गळाले, तेव्हा आयन इंजिनाचा झेनॉन तसाच थंड फुंकून यान सावरले. हायाबुसा-२ मध्ये चार चाके बसवली. एवढ्यावर न थांबता प्रवासात बराच काळ एकाच चाकावर चालवून उरलेली जपली, बाकी तोल सूर्यप्रकाशाच्या दाबावर साधला. झेनॉन यांनी वर ज्या दाबाचा हिशोब केला तोच इथे कामाला लावला.

दुसरा ओसायरिस-रेक्सच्या कुपीचा, २४ सप्टेंबर २०२३. लहान छत्री (पॅराशूट) १,००,००० फुटांवर उघडायला हवी होती. संदेश देणाऱ्या बाजूच्या आराखड्यात 'मेन' ही खूण मुख्य छत्रीसाठी होती आणि घेणाऱ्या बाजूच्या आराखड्यात लहान छत्री बाहेर काढणाऱ्या स्फोटकासाठी. तारा खुणेबरहुकूम जोडल्या गेल्या आणि क्रम उलटला: लहान छत्री पेटीत असतानाच तिचा दोर कापायचा संदेश गेला, आणि सुमारे ९,००० फुटांवर ती बाहेर येऊन मोकळीच निघून गेली. मुख्य छत्री मजबूत होती, ती धरून राहिली आणि कुपी युटाच्या वाळवंटात सुखरूप उतरली. स्फोटकांचा पूर्ण क्रम खऱ्या कुपीवर उडवून बघता येत नाही. म्हणून दोन्ही टोकांचे आराखडे शेजारी ठेवून, संदेश कुठून निघतो आणि कोणते स्फोटक उडवतो हे एकेका तारेवर बोट ठेवून तपासणे, त्या आराखड्यांत हात न घातलेल्या माणसाने, ही पायरी वगळू नये.

पाटीपेन्सिल

हायाबुसा-२ अजून चालू आहे ना? कुपी टाकल्यावर यानाचे काय केले?

दिशादर्शक

हो. कुपी २,२०,००० किलोमीटरवर सोडली आणि यानाने बाजूला वळण घेतले. कुपी ६ डिसेंबर २०२० ला ऑस्ट्रेलियात वूमेराला उतरली, आत ५.४ ग्रॅम; उद्दिष्ट ०.१ ग्रॅम होते. टाकीत तोवर निम्म्याच्या वर झेनॉन शिल्लक होता. म्हणून पुढचे लक्ष्य ठरवता आले: १९९८ केवाय२६ हा लघुग्रह, २०३१ मध्ये.

तिथला प्रश्न वेगळाच आहे. नव्या निरीक्षणांनुसार तो जेमतेम ११ मीटरचा आणि सुमारे ५ मिनिटांत एक गिरकी घेतो. विषुववृत्तावर बाहेर फेकणारे त्वरण त्याच्या गुरुत्वाच्या शेकडो पट भरते. खूणचेंडू टाकला तर राहणारच नाही. ध्रुवाजवळ, अक्षाच्या रेषेत उतरत यानाला त्याच गतीने फिरवत नेणे हा एक मार्ग दिसतो, पण मग सौरपट्ट्या आणि अँटेना कुठे तोंड करतील हे गिरकीचा अक्ष कुठे रोखलेला आहे त्यावर ठरणार. यानात खूणचेंडू एक उरला आहे आणि टॅंटलमची गोळीही एक.